विटांच्या किनारीचा काँक्रीट कोबा : पहिल्यांदा काम हाती घेणाऱ्यांसाठी

घरालगत बसण्यासाठी पक्के अंगण करायचे असो किंवा फाटकापासून घरापर्यंत गाडीसाठी पक्का रस्ता करायचा असो, काँक्रीटचा कोबा आणि त्याच्या कडेने विटांची किनार ही जोडी दिसायला देखणी असते आणि नीट केली तर वर्षानुवर्षे टिकते. पहिल्यांदा असे काम करणारे बहुतेक जण आधी फळ्या लावून काँक्रीट ओततात आणि मग शोभेसाठी कडेला विटा चिकटवतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विटांची किनार आधी, तिच्या स्वतःच्या पायावर बांधली की तीच काँक्रीटचा साचा बनते, तिच्या माथ्यावरून पट्टी ओढून कोब्याची पातळी घेता येते, आणि फळ्या काढताना ताज्या काँक्रीटच्या कडा ढासळण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय विटा बांधताना वेळ हातात असतो. काँक्रीट ओतायला सुरुवात केली की तो नसतो, त्यामुळे पातळीचे सगळे निर्णय विटांच्या टप्प्यातच झालेले असणे फार सोयीचे ठरते.

आखणीपूर्वी

सर्वप्रथम या जागेवर काय येणार आहे ते ठरवावे. माणसांची ये-जा आणि खुर्च्या-टेबले एवढेच असेल तर १०० मिमी जाडीचा कोबा पुरतो, मोटारगाडी उभी राहणार असेल तर १२५ मिमी आणि मालाची अवजड वाहने येणार असतील तर किमान १५० मिमी जाडी धरावी. खाली दाबून बसवलेल्या खडीचा थर अंगणासाठी १०० मिमी आणि गाडीरस्त्यासाठी १५० मिमी लागतो. म्हणजे कोब्याची वरची पातळी आसपासच्या जमिनीइतकी ठेवायची असेल, तर अंगणासाठी साधारण २०० मिमी आणि गाडीरस्त्यासाठी २७५ ते ३०० मिमी खोदावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची दिशा. कोब्याचा उतार घरापासून दूर जाणाराच हवा, आणि तो दर मीटरला १५ ते २० मिमी असावा. उदाहरणार्थ, घरापासून ३ मीटर बाहेर जाणाऱ्या अंगणाला एकूण ५० मिमी उतार दिला तर पाणी निचरून जाते आणि बसताना खुर्ची कललेली जाणवत नाही. घराच्या भिंतीशी कोब्याची पातळी ओलावारोधक थरापेक्षा (जमिनीतली ओल भिंतीत वर चढू नये म्हणून जोत्यापाशी घातलेल्या थरापेक्षा) किमान १५० मिमी खाली ठेवावी, कारण पावसाचे थेंब कोब्यावर आपटून वर उडतात आणि भिंत साधारण तेवढ्या उंचीपर्यंत भिजत राहते. उतरत्या टोकाला आलेले पाणी पुढे कुठे जाणार, मातीत मुरणार, गटारात जाणार की शेजाऱ्याच्या कुंपणाखाली, याचेही उत्तर आत्ताच शोधावे. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या, विजेच्या, गॅसच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांची माहिती घेतल्याशिवाय कुदळ मारू नये. रस्त्याला जोडणाऱ्या कामासाठी बहुधा स्थानिक परवानगी लागते, तीही आधी पाहावी.

आखणी आणि खोदाई

कोपऱ्यांच्या अर्धा-पाऊण मीटर बाहेर खुंट्या ठोकून दोऱ्या ताणाव्यात, म्हणजे खोदताना खुंट्या हलत नाहीत. काटकोन तपासण्यासाठी एका दोरीवर ३ मीटरवर आणि दुसरीवर ४ मीटरवर खूण करावी. या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ मीटर आले तर कोपरा काटकोनात आहे. आयताकृती जागेत दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत ना हेही पाहावे. कर्णांत १० मिमीचाही फरक असेल तर दोऱ्या सरकवाव्यात. विटांच्या रांगेत हा फरक शेवटच्या विटेपाशी उघडा पडतो आणि तिथे वीट तिरकी कापण्यावाचून इलाज राहत नाही.

पातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून वापरण्याची जुनी पद्धत आजही विश्वासार्ह आहे, मात्र नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. भिंतीवर कोब्याच्या वरच्या पातळीची रेघ मारावी, ती पातळी नळीने लांबच्या खुंट्यांवर न्यावी आणि तिथून उताराइतके खाली मोजून दोरी बांधावी. यापुढे प्रत्येक खोली या दोरीपासून मोजावी, जमिनीपासून नव्हे, कारण जमीन दर पावलाला बदलते.

खोदाईत गवत, मुळे आणि काळपट सुपीक माती पूर्ण काढून टाकावी. ही माती कितीही ठोकून दाबली तरी पुढे कुजून खचते. खाली फुगणारी चिकण माती लागली तर ती आणखी १०० ते १५० मिमी खोदून काढावी आणि त्या जागी मुरूम भरून दाबावा. खोदलेला तळ मग धुमसने (माती ठोकून दाबायच्या जड हत्याराने) किंवा थरथरणाऱ्या पाट्याच्या दाबयंत्राने घट्ट करावा. टाच जोरात मारल्यावर खड्डा पडत असेल तर ती जागा अजून मऊ आहे असे समजावे.

विटा निवडताना

भिंतीसाठी चालणारी प्रत्येक वीट जमिनीवर चालत नाही. भिंतीतली वीट भिजते आणि वाळते, जमिनीत बसवलेली वीट मात्र खालून सतत ओलावा ओढत राहते, तिच्यावरून चाके जातात, आणि थंड प्रदेशात तिच्यात शिरलेले पाणी गोठून फुगते तेव्हा तिचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून चांगली भाजलेली, घट्ट पोताची वीट घ्यावी. दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटल्या तर धातूसारखा खणखणीत आवाज यावा. बोदा आवाज आला तर वीट कच्ची किंवा तडकलेली असते. याहून खात्रीची चाचणी म्हणजे कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवावी आणि पुसून पुन्हा वजन करावी. वजन ८ ते १० टक्क्यांपेक्षा कमी वाढले तर ती वीट किनारीसाठी उत्तम, आणि १५ टक्क्यांच्या वर गेले तर ती या कामासाठी घेऊ नये. फरसबंदीसाठी म्हणून खास भाजलेल्या विटा मिळत असतील तर त्याच घ्याव्यात. जुन्या इमारतींतल्या विटांचा रंग मोहक असतो, पण त्या आतल्या भिंतींच्या असण्याची शक्यता असल्यामुळे तपासल्याशिवाय वापरू नयेत.

वीट कशी बसवायची यावर संख्या ठरते. गाडीरस्त्यासाठी वीट धारेवर, म्हणजे तिची लांब अरुंद बाजू वर येईल अशी, आणि लांबी किनारीला आडवी ठेवून बसवावी. अशी किनार २३० मिमी रुंद दिसते, विटेची उंची ११० मिमी मिळते आणि ती चाकाचा भार उत्तम झेलते. २३० × ११० × ७५ मिमी मापाची वीट धरली आणि १० मिमीची दर्ज (दोन विटांमधली मसाल्याने भरायची फट) ठेवली, तर एका विटेला ८५ मिमी जागा लागते आणि एका मीटरला साधारण १२ विटा बसतात. ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अंगणाची एक लांब बाजू भिंतीला लागून असेल तर किनार तीनच बाजूंना येते, म्हणजे १० मीटर, आणि मोडतोड व कोपरे धरून १३० विटा आणाव्यात. विटा पालथ्या, म्हणजे रुंद बाजू वर ठेवून, बसवल्या तर कमी लागतात, परंतु चाकाखाली त्या लवकर उखडतात, म्हणून तो प्रकार फक्त पायी वापराच्या जागी ठेवावा.

किनारीची बांधणी

सगळ्या कामाचे यश ज्या टप्प्यावर अवलंबून आहे तो हा टप्पा आहे. त्याला पूर्ण एक-दोन दिवस द्यावेत.

किनारीच्या रेषेवर सुमारे ३५० मिमी रुंद चर खणावी. तयार पातळीपासून खाली ११० मिमी वीट, १५ मिमी मसाला, १०० मिमी काँक्रीटचा पाया आणि ५० मिमी दाबलेली खडी असा हिशेब केला, तर अंगणासाठी २७५ मिमी खोली लागते. गाडीरस्त्यासाठी पाया १५० मिमी जाड करावा आणि चर त्या प्रमाणात खोल घ्यावी. पायाचे काँक्रीट घट्टसर कालवावे, दोरीपासून मोजत समतल ओढावे आणि एक रात्र तसेच राहू द्यावे.

दुसऱ्या दिवशी मसाला कालवण्याआधी सगळ्या विटा कोरड्याच मांडून पाहाव्यात. दर्जेसाठी विटांमध्ये १० मिमी जाडीच्या लाकडी चिपा ठेवत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जावे. शेवटी अर्ध्या विटेपेक्षा लहान तुकडा उरत असेल तर प्रत्येक दर्ज मिलिमीटर-दोन मिलिमीटरने कमी-जास्त करून तो फरक सगळ्या रांगेत वाटून टाकावा. १२ मिमीची दर्ज आणि १० मिमीची दर्ज यांतला फरक कोणाच्या लक्षातही येत नाही, पण कोपऱ्यात कोंबलेला दोन बोटांचा तुकडा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, आणि सर्वांत आधी निखळतोही तोच. वक्र किनारीत आतल्या बाजूची दर्ज ८ मिमी आणि बाहेरची २० मिमीपर्यंत चालते. या मर्यादेत धारेवरच्या पूर्ण विटेने घेता येणारी वक्रता साधारण १.६ मीटर त्रिज्येपर्यंतची असते. त्याहून घट्ट वळण हवे असेल तर विटा अर्ध्या कापून लावाव्यात. विटा कापताना पाण्याची धार सोडणारे यंत्र वापरावे आणि योग्य श्वसनमुखवटा लावावा, कारण विटेच्या आणि काँक्रीटच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते.

विटा बांधण्याआधी पाण्यात भिजवून काढाव्यात आणि पृष्ठभागावरचे पाणी टिपले गेल्यावर वापराव्यात. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि मसाला विटेला धरत नाही. पाणी गळणारी वीट मात्र मसाल्यावर तरंगते आणि जागा सोडते. मसाला एका भाग सिमेंटला तीन ते चार भाग वाळू या प्रमाणात घ्यावा. आधी दोन्ही कोपऱ्यांच्या विटा पातळीत बसवाव्यात, त्यांच्यामध्ये दोरी ताणावी आणि मग मधल्या विटा भराव्यात. प्रत्येक विटेच्या बाजूला मसाल्याचा पूर्ण लेप द्यावा, फक्त कडांना बोटभर मसाला लावून काम उरकू नये. वीट शेजारच्या विटेला दाबत खाली ठेवावी आणि रबरी हातोडीने दोरीपर्यंत बसवावी. दोरी विटेला टेकू देऊ नये, दोहोंमध्ये कागदाएवढी फट असावी. एक वीट जरी दोरीला ढकलू लागली तरी पुढची सगळी रांग त्या चुकीच्या दोरीवर जाते.

आता पातळीतली एक बारीक पण महत्त्वाची बाब. उताराच्या वरच्या बाजूला आणि दोन्ही कडांना विटांचा माथा कोब्याच्या बरोबरीने असला तरी चालतो. उताराच्या खालच्या टोकाला मात्र किनार कोब्यापेक्षा २ ते ३ मिमी खाली ठेवावी. तिथे किनार तसूभर वर राहिली तर ती बंधाऱ्यासारखी पाणी अडवते, त्या पाण्यात माती साचते, शेवाळ धरते आणि विटांना पांढरा लोणा लागतो. दिसायला उठावदार म्हणून किनार उंच ठेवायचा मोह अनेकांना होतो. तो मोह निदान या एका बाजूला टाळावा.

दर्जा विटांबरोबरच भराव्यात आणि मसाला बोटाने दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला चिकटणार नाही, अशा वेळी त्या गोल सळईने दाबून ओढाव्यात. दाबलेली दर्ज पाणी कमी पिते. विटांच्या माथ्यावर सांडलेला मसाला वाळू देऊ नये. ओल्या स्पंजाने, पाणी वारंवार बदलत तो पुसून घ्यावा. एकदा वाळलेले डाग काढण्यासाठी आम्ल वापरल्यास दर्जाही खाल्ल्या जातात आणि विटांचा रंगही उतरतो. किनार लांब असेल तर साधारण ६ मीटरवर एक दर्ज मसाल्याऐवजी लवचीक सीलंटने भरण्यासाठी रिकामी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी किनारीच्या बाहेरच्या अंगाला विटेच्या अर्ध्या उंचीपर्यंत काँक्रीटची तिरपी टेकण द्यावी. तिच्यावर पुढे माती आणि गवत येणार असल्यामुळे ती दिसत नाही, परंतु गाडीचे चाक कडेवरून गेल्यावर किनारीला बाहेर ढकलणारा जोर तीच झेलते. ही टेकण दिल्यावर किनारीला निदान ७ दिवस ओली ठेवून पक्की होऊ द्यावी.

खडीचा थर आणि मोकळे सांधे

किनार पक्की झाल्यावर आतल्या भागात बारीक चुरीसह असलेली मिश्र आकाराची खडी पसरावी. चुरीमुळे मधल्या पोकळ्या भरतात आणि थर घट्ट बसतो. एका वेळी १०० मिमीपेक्षा जाड थर टाकू नये, कारण यंत्राचा दाब त्याखाली नीट पोहोचत नाही. किनारीपासून ३०० मिमीच्या पट्ट्यात यंत्र न फिरवता हातधुमसने थोडा थोडा भाग ठोकावा, नाहीतर नव्या विटा पायापासून सुटतील.

त्यानंतर विटांच्या आतल्या अंगाला, तसेच घराच्या भिंतीला आणि मधे येणाऱ्या खांबांना, १० मिमी जाडीची फोमची पट्टी पूर्ण उंचीभर लावावी. ही पट्टी अनेक जण अनावश्यक समजून गाळतात, म्हणून तिचे कारण नीट सांगतो. काँक्रीट वाळताना आकसते आणि पुढे ऊन-थंडीने फुगत-आकसत राहते. भट्टीतून निघालेली मातीची वीट याच्या उलट हवेतला ओलावा घेत पुढची कित्येक वर्षे किंचित वाढत असते, आणि ही वाढ कायमची असते. दोन्ही पदार्थ घट्ट चिकटवले तर या ओढाताणीत किनारीलगत तडा जातो किंवा विटा उचलल्या जातात. फोमची पट्टी त्यांना आपापल्या परीने हलू देते. शिवाय काँक्रीट ओतताना विटांच्या आतल्या बाजूवर सिमेंटचे डागही पडत नाहीत.

गाडीरस्त्यात ८ मिमी सळ्यांची २०० मिमी अंतरावर बांधलेली किंवा तयार जोडलेली जाळी घालावी. ती कोब्याच्या वरच्या पृष्ठभागापासून ४० ते ५० मिमी खाली राहील अशा बेताने सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवावी. जमिनीवर पसरून काँक्रीट ओतताना हाताने वर ओढू म्हटले तर जाळी तळाशीच राहते आणि तिचा काही उपयोग होत नाही. जाळी तडे थांबवत नाही, पडलेला तडा रुंदावू देत नाही, एवढेच तिचे काम आहे. १०० मिमी जाडीच्या पायी वापराच्या अंगणात सांधे योग्य अंतरावर असतील तर जाळीवाचून चालते.

तडे पडणार हे गृहीत धरून ते कुठे पडावेत हे आपण ठरवायचे असते. त्यासाठी कोब्याच्या जाडीच्या २४ ते ३० पट अंतरावर खाचा ठेवाव्यात. १०० मिमी कोब्यासाठी हे अंतर २.४ ते ३ मीटर येते. खाच जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे २५ मिमी खोल हवी, आणि तिने पडणारे भाग शक्यतो चौरसाच्या जवळ जाणारे असावेत. लांबी रुंदीच्या दीडपटीहून जास्त नको. आपल्या ४ × ३ मीटर अंगणाच्या मधोमध एक खाच दिली तर २ × ३ मीटरचे दोन भाग होतात. खाच विटांच्या दर्जेसमोर आली तर काम नेटके दिसते, त्यामुळे तिची जागा किनारीवर खडूने आधीच खुणावून ठेवावी.

काँक्रीट

४ × ३ मीटर आणि १०० मिमी जाडी म्हणजे १.२ घनमीटर. १० टक्के नासधूस धरून १.३२ घनमीटर काँक्रीट लागते. एका भाग सिमेंटला दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणात त्यासाठी ५० किलोच्या ११ गोण्या सिमेंट, ०.५५ घनमीटर वाळू आणि १.१ घनमीटर २० मिमीपर्यंतची खडी लागते. प्रमाण फावड्याने मोजू नये, कारण एका फावड्यात खडी आणि वाळू कधीच सारखी येत नाही. एका गोणीचे आकारमान साधारण ३५ लिटर असते, तेवढ्या मापाची पेटी करून घ्यावी. ओलसर वाळू फुगलेली असते आणि पेटीत प्रत्यक्षात कमी भरते, म्हणून ती वापरताना एक-चतुर्थांशाच्या आसपास जास्त घ्यावी. पाणी गोठणाऱ्या हवामानात सूक्ष्म हवाबुडबुडे धरणारे रसायन मिसळलेले काँक्रीट घ्यावे. त्या बुडबुड्यांत गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळते.

पाणी हा सर्वांत नाजूक भाग आहे. एका गोणीला २२ ते २५ लिटर, आणि त्यातही वाळूच्या ओलीचे पाणी धरलेले, एवढीच मर्यादा ठेवावी. काँक्रीट पसरवणाऱ्याचे हात दुखू लागले की आणखी पाणी घालण्याची सूचना हमखास येते, आणि ती ऐकू नये. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे पोकळ्या ठेवते, त्यामुळे पृष्ठभाग धुळकट होतो आणि तडे वाढतात. योग्य माल थापीने दाबल्यावर चकाकतो, ढीग करून ठेवला तर हळूहळू थोडा बसतो, पण त्याच्या कडेने पाणी ओघळत नाही.

ओतण्याआधी खडीचा थर पाणी शिंपडून ओला करावा, मात्र त्यावर पाणी साचलेले नसावे. किमान तीन माणसे हवीत. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, आणि सुरुवातीला ते जाणवत नाही, म्हणून रबरी बूट, हातमोजे आणि चष्मा वापरावा. कपड्यांत शिरलेले काँक्रीट लगेच धुऊन काढावे. पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली असताना काम करू नये. कडक ऊन आणि वारा असेल तर पहाटे सुरुवात करावी.

पाणी मिसळल्यापासून साधारण अर्ध्या तासात प्रत्येक घाणा (एका वेळी कालवलेला माल) जागेवर पसरून दाबला गेला पाहिजे. घाणे एकमेकांना लागून ओतावेत, कडांना आणि कोपऱ्यांत सळईने किंवा फावड्याच्या पात्याने खुपसून हवा काढावी. मग विटांच्या माथ्यावर टेकवलेली सरळ पट्टी दोघांनी करवतीसारखी पुढे-मागे हलवत ओढावी. खालच्या टोकाच्या विटांवर ३ मिमी जाडीची प्लायची पट्टी आधी चिकटवून ठेवली तर कोबा तिथे आपोआप तेवढा वर राहतो. भिंतीच्या बाजूला विटा नसल्याने तिथे पातळीत ठोकलेली लाकडी पट्टी आधाराला घ्यावी, आणि पृष्ठभाग ओढून झाल्यावर ती काढून फट भरावी. पट्टीपुढे मुठीएवढा माल सतत राहू द्यावा. तो संपला की पट्टीमागे खळगा पडतो.

पृष्ठभाग

ओढून झाल्यावर लगेच लाकडी रंधा (पृष्ठभाग सपाट करायची मुठीची फळी) एकदा फिरवावा, म्हणजे खडी खाली बसते आणि वर मसाला येतो. यानंतर थांबावे लागते. थोड्याच वेळात पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर येतो आणि कोबा आरशासारखा चमकू लागतो. हे पाणी खालून वर आलेले असते. ते असताना रंधा किंवा थापी फिरवली तर पाणी वरच्या थरातच कोंडले जाते, आणि काही महिन्यांत तो थर पापुद्र्यांनी सुटतो. हे पाणी लवकर आटावे म्हणून वर कोरडे सिमेंट भुरभुरणे हा प्रकार फार रूढ आहे, पण त्यानेही वर एक कमकुवत कवच तयार होते. चमक आपोआप जाऊन पृष्ठभाग मंद, ओलसर दिसू लागेपर्यंत वाट पाहावी. थंड हवेत याला काही तास लागतात, उन्हात कधी अर्धा तासही पुरतो. कडेला बूट ठेवून पाहावा. ठसा ५-६ मिमीच उमटत असेल तर पुढचे काम करण्याची वेळ झाली आहे.

आता पुन्हा रंधा फिरवावा, फोमच्या पट्टीलगतच्या कडा गोल करणाऱ्या कडथापीने दाबाव्यात आणि खुणेवर खाच पाडावी. खाच यंत्राने कापायची असेल तर काँक्रीट खडी न उपटता कापले जाईल एवढे कडक झाले की लगेच, साधारण ६ ते १८ तासांत कापावी. उशीर झाला तर तडा आपली वाट आधीच शोधतो. शेवटी ताठ केसांचा रुंद ब्रश किंवा खराटा एकाच दिशेने, न थांबता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढावा. उतारावरच्या गाडीरस्त्यात रेषा चाकाच्या दिशेला आडव्या असाव्यात, म्हणजे चाकांना पकड मिळते. बसायच्या अंगणात त्या उताराच्या दिशेने ओढल्या तर पाणी सहज वाहते. लोखंडी थापीने गुळगुळीत केलेला कोबा ओला झाल्यावर घसरडा होतो, त्यामुळे उघड्यावर तो नकोच.

पाणी मारणे आणि शेवटची कामे

पृष्ठभागावर बोटाचा ठसा उमटेनासा झाला की ओले गोणपाट पसरून त्यावर प्लास्टिक घालावे, किंवा मातीची छोटी आळी करून पाणी साचवून ठेवावे. किमान ७ दिवस कोबा सतत ओला राहिला पाहिजे. दिवसातून दोनदा पाणी मारून मधे तो वाळू देणे हे सलग ओलाव्याची जागा घेत नाही. पायी चालण्यासाठी एक-दोन दिवसांनी, मोटारगाडीसाठी निदान ७ ते १० दिवसांनी आणि अवजड वाहनासाठी २८ दिवसांनी जागा खुली करावी.

पहिले २८ दिवस झाल्यावर फोमच्या पट्टीचा वरचा १० ते १२ मिमी भाग कापून काढावा, फट ब्रशने साफ करून कोरडी होऊ द्यावी आणि तिच्यात बाहेरच्या वापराचे पॉलियुरेथेन सीलंट भरावे. किनारीत रिकामी ठेवलेली दर्जही त्याच वेळी भरावी. सीलंट भरण्याआधी दोन्ही कडांच्या विटांवर आणि कोब्यावर चिकटपट्टी लावली आणि सीलंट ओले असतानाच ती ओढून काढली, तर रेघ स्वच्छ येते. विटांना पहिल्या काही महिन्यांत लोणा दिसला तर घाबरून जाऊ नये. तो कोरड्या ब्रशने झाडावा, कारण पाण्याने धुतला तर त्यातले क्षार पुन्हा विटेतच शिरतात. विटांवर चकाकी आणणारा, ओलावा बाहेर न जाऊ देणारा लेप लावू नये. आतला ओलावा त्याखाली कोंडून विटांचे पापुद्रे सुटतात.

पहिला जोराचा पाऊस थांबल्यावर कोब्यावर पाणी कुठे राहते ते पाहून खडूने खुणा कराव्यात. नाण्याच्या जाडीएवढी उथळ जागा आपोआप वाळते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. ५ मिमीहून खोल खळगा असेल तर त्यावर साध्या सिमेंट-वाळूचा पातळ थर देऊ नये, कारण तो धरत नाही आणि एका ऋतूत सुटतो. पृष्ठभाग खरवडून त्या जागी पॉलिमर मिसळलेला दुरुस्ती मसाला, त्याच्या पिशवीवर दिलेल्या कमीत कमी जाडीत, भरावा, आणि तो ओला ठेवण्याबाबतही पिशवीवरचीच सूचना पाळावी.